तळ्यात, मळ्यात आणि कुर्ल्यात

रविवारची सकाळ ही झोपण्यासाठी असते, यावर आपल्या पिढीचं एकमत आहे. आठवडाभर धावत-पळत फास्ट लोकल पकडणाऱ्या जिवाला तेवढी तरी सवलत हवीच! पण मुंबईत एक जमात अशी आहे, जी रविवारी दूधवाल्याच्या आधी उठते, खांद्याला पिशवी अडकवते आणि कुर्ल्याला उतरते. भाजीसाठी नाही, मटणासाठी नाही. माशांसाठी. आणि तेही खायच्या नाही, बघायच्या!

कुर्ला पश्चिमेचा रविवारचा हा बाजार एकदा तरी बघाच. फुगवून रबरबँड लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, ओळीनं मांडलेल्या. एकीत गप्पी, एकीत मोली, एकीत एंजल. फायटरची मात्र प्रत्येकाची सिंगल रूम, कारण दोन नर एकत्र आले की थेट डब्ल्यूडब्ल्यूई. थर्माकोलचे खोके उघडतायत, पाण्याचे थेंब उडतायत, एखादा शाळकरी मुलगा वडिलांचा हात ओढतोय आणि वडील 'आईला विचारू' म्हणून वेळ मारून नेतायत. देशातल्या शोभेच्या माशांच्या धंद्याची दोन मोठी केंद्रं म्हणजे कोलकाता-हावड्याचा परिसर आणि चेन्नईतलं कोळत्तूर. कुर्ल्यात तुमच्याकडे टकमक बघणारा मासा बहुधा तुमच्यापेक्षा लांबचा प्रवास करून आलेला असतो.

मी तिथे गेले होते ती फक्त भाव काढायला. टाकी, फिल्टर, स्टँड, सगळं नवं घेतलं तर किती? आणि सेकंडहॅण्ड मिळेल का? तिथे पांढऱ्या मिशीचे एक काका भेटले. (अशा प्रत्येक बाजारात असे एक काका असतातच. काही विकत घेत नाहीत, पण सगळं त्यांना माहीत असतं.) त्यांनी माझे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "टाकी काय, कुठेही मिळेल. खाली काय टाकणार ते ठरवलंय का?"

खाली? खाली ते रंगीत खडे टाकतात ना? काका नुसते हसले.

पवई, सहावा मजला

सेकंडहॅण्ड फिश टँक मिळवण्यासाठी मुंबईसारखं शहर नाही. इथे दर महिन्याला कोणीतरी घर बदलतं, कोणाची बदली होते, कोणी लग्न करतं, कोणी परदेशी जातं. सोफा पॅकर्स-मूव्हर्स उचलतात, फ्रिज उचलतात, पण काचेच्या टाकीला हात लावायला कोणी तयार नसतं. त्यामुळे घर रिकामं करणाऱ्यांच्या यादीत 'लगेच विकायचंय' या सदरात टाकीचा नंबर वरचा. नव्याच्या निम्म्या किमतीत स्टँडसकट टाकी मिळणं ही अजिबात चमत्काराची गोष्ट नाही.

मला मिळाली ती पवईत. कॅनडाला निघालेलं एक जोडपं, दोघंही आयटीतले, निघायला सहा आठवडे बाकी. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, आठ एमएमची काच, लोखंडी अँगलचा स्टँड. खिडकीतून पवई तलाव दिसत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा तलाव मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला आणि पुढे त्याचं पाणी पिण्यालायकच नाही असं ठरलं. आता तो फक्त बघायला. म्हणजे तोही एक फिश टँकच म्हणा ना, मगरींसकट!

वापरलेली टाकी बघायची कशी, हे मी आधी घोकून गेले होते. काचेवरचे ओरखडे आधी दिसतात, पण त्यांची काळजी सगळ्यात कमी करायची. पाणी भरल्यावर बारीक ओरखडे बरेचसे दिसेनासे होतात. पांढरे क्षारांचे डाग व्हिनेगरनं निघतात. बघायचे ते कोपरे आणि सांधे. काचेच्या कडेला टवका उडालाय का? सांध्यातलं सिलिकॉन कुठे सुटलंय का, नखानं ओढलं तर पापुद्र्यासारखं निघतंय का, आत हिरवं शेवाळं शिरलंय का? शेवाळं सिलिकॉनच्या खाली गेलं असेल तर पाणीही जाणार, आज ना उद्या. आणि एक लक्षात ठेवा, जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. वरून थापून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा. जुनं ब्लेडनं पूर्ण खरवडून काढूनच नवं भरावं लागतं, तेही बुरशीरोधक औषध घातलेलं बाथरूमवालं नाही. ते माशांना विषारी ठरू शकतं.

रिकामी टाकी मिळाली तर सपाट जागी ठेवून काठोकाठ भरायची आणि पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची. खाली वर्तमानपत्र अंथरलं की गळतीची जागा पेपरच सांगतो. पवईची टाकी भरलेली होती, चालू होती, स्टँडखालची फरशी कोरडी होती. यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट नाही.

साडेतीन हजारांत सौदा ठरत आला आणि तिथेच गोष्टीला वळण लागलं.

"एक अट आहे," ती म्हणाली. "कोरी पण तुम्हाला घ्यावे लागतील."

कोरी म्हणजे कोरिडोरास. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले छोटे, चिलखत घातल्यासारखे दिसणारे, मिशाळ मासे. तळाशी राहतात, दिवसभर नाक जमिनीला लावून काहीतरी हुंगत फिरतात. मध्येच एखादा सुसाट वर जातो, हवेचा घोट घेतो आणि परत खाली. पाच होते. त्यातला एक नऊ वर्षांचा. त्यांच्या पहिल्या भाड्याच्या घरात, पहिल्या पगारातून घेतलेला. बाकीचे मासे मित्रांनी वाटून नेले होते, पण यांना फुटकळ द्यायचं नव्हतं. कोरी घोळक्यानं राहतात, एकटे पडले की कोपरा धरून बसतात.

"दुकानात परत दिले असते," नवरा म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो चहा ठेवायला आत गेला.

मी वाकून बघितलं. टाकीच्या तळाशी निळेभोर खडे होते. तेच, फोटो फ्रेमच्या दुकानात शोभतील असे. कडा टोकदार. आणि पाचही कोरींच्या मिशा अर्ध्या झिजलेल्या.

कुर्ल्याचे काका का हसले ते मला तेव्हा कळलं.

खड्यात पडलेला जीव

कोरी आपल्या मिशांनी अन्न शोधतात. निसर्गात ते बारीक वाळूत नाक खुपसतात, वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं गाळून उरलेली कल्ल्यांमधून बाहेर सोडतात. टोकदार खड्यांवर हे जमतच नाही. मिशा झिजतात त्या खड्यांच्या कडांमुळे की खड्यांच्या फटीत साठून कुजणाऱ्या घाणीमुळे, यावर हौशी मंडळींमध्ये जुना वाद आहे. दोन्ही बाजूंचे लोक उपाय मात्र एकच सांगतात. बारीक, गोलसर दाण्यांची वाळू घाला आणि ती स्वच्छ ठेवा.

मग काय, सोप्पं! निळे खडे फेकायचे, वाळू टाकायची. झालं!

झालं नाही. कारण या टाकीत अंडरग्रॅव्हल फिल्टर होता. आपल्यापैकी ज्यांच्या घरी लहानपणी मासे होते, त्यांना हे प्रकरण आठवत असेल. खड्यांच्या खाली जाळीच्या प्लास्टिकच्या प्लेट, कोपऱ्यात उभी नळी, तिला हवेचा पंप. हवा वर जाते, तिच्याबरोबर पाणी वर खेचलं जातं आणि टाकीतलं पाणी खड्यांमधून झिरपत राहतं. स्वस्त आणि मस्त. पण यात पाणी साफ करतं कोण? प्लेट नाही, पंपही नाही. खड्यांवर वस्ती करून राहिलेले जिवाणू!

इथे शाळेतलं थोडं विज्ञान, पेपर फुटल्यासारखं पटकन सांगते. माशांची शी-शू आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशांना मारतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, जे बरंच सौम्य असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही जिवाणूंची वसाहत नव्या टाकीत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच नवी टाकी आणली, मासे सोडले आणि दहाव्या दिवशी सगळे उलटे, ही कथा घराघरात घडते आणि बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या बसतात.

म्हणजे बघा काय पेच आहे. निळे खडे ठेवले तर मिशा जाणार. निळे खडे फेकले तर त्यांच्यावरचा अख्खा फिल्टर कचऱ्यात जाणार आणि नऊ वर्षांचे म्हातारबुवा नव्याकोऱ्या टाकीत अमोनियात गुदमरणार. अंडरग्रॅव्हल तसाच ठेवून वर बारीक वाळू घालावी, तर ती जाळीत जाऊन बसते आणि फिल्टर चोक. तळ्यात की मळ्यात?

उपाय तिनंच सुचवला. निघायला सहा आठवडे आहेत ना? मग नवा स्पंज फिल्टर आत्ताच आणून याच टाकीत लावून ठेवायचा. जुन्या खड्यांच्या शेजारी राहून स्पंजमध्ये जिवाणू आपोआप वस्ती करतील. निघायच्या दिवशी स्पंज ओलाच उचलायचा आणि नव्या घरी चालू करायचा.

दुसऱ्याच दिवशी मी स्पंज फिल्टर नेऊन लावला. हातात सहा आठवडे होते आणि शोधायची होती वाळू.

क्रॉफर्ड मार्केटची जमीन

भांडुपहून स्लो लोकल पकडली की सीएसएमटीपर्यंत आरामात एक डुलकी होते. तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा! १८६९ साली बांधलेली ही इमारत. दर्शनी भागावरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची, लॉकवूड किपलिंग यांची. आपण सगळे तिथे मान वर करून बघतो. मी त्या दिवशी पहिल्यांदा मान खाली घातली. इथल्या जुन्या फरशा स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणल्या होत्या, असं सांगतात. बाजार बांधणाऱ्यांनीही 'खाली काय टाकायचं' याचा विचार केला होता म्हणायचं.

या भागातली अक्वेरियमची दुकानं म्हणजे तळाच्या मालाचं प्रदर्शनच. पोत्यापोत्यांनी खडे. लाल, निळे, फ्लुरोसंट हिरवे, आणि गुलाबी तर असे की बारशाला शोभतील.

"मॅडम, ये कलरवाला ले लो, टँक एकदम खुलके दिखेगा."

"रंग जातो का याचा?"

"गॅरंटी है, मॅडम!" (कसली, ते सांगितलं नाही.)

रंगीत खड्यांची साधी परीक्षा म्हणजे मूठभर खडे पांढऱ्या वाडग्यात गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवायचे. सकाळी पाण्याला छटा आली तर पुढे बोलायलाच नको.

मग पांढरेशुभ्र संगमरवराचे तुकडे. दिसायला सुरेख, पण संगमरवर म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड करतो आणि त्याचा पीएच चढवतो. पोवळ्यांचा चुरा आणि शिंपल्यांचंही तेच. आफ्रिकेतल्या मोठ्या तलावांमधल्या सिक्लिड माशांना असं पाणी आवडतं, त्यांच्यासाठी ते मुद्दाम घालतात. कोरी बिचारे मऊ पाण्यातले. भातसा, तानसा, वैतरणा वगैरे सात तलावांमधून आपल्याला मिळणारं पाणी सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून येतं, त्यामुळे मुळात मऊ असतं. मासे पाळणाऱ्यासाठी ही महापालिकेची फुकट भेट आहे. (बोअरवेल किंवा टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी मात्र आधी पाणी तपासून घ्यावं.) असलं पाणी मिळत असताना तळाशी संगमरवर घालणं म्हणजे हापूसच्या रसात मीठ.

दगड कुठलाही असो, घरी चाचणी सोपी आहे. कोरड्या खड्यावर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका. बुडबुडे आले की त्यात चुना आहे. मी पर्समध्ये व्हिनेगरची छोटी बाटली घेऊन क्रॉफर्ड मार्केटमध्ये फिरत होते. दोन दुकानदारांनी कौतुक केलं, तिसऱ्यानं पोतं बंद केलं.

काउंटरच्या मागे, वरच्या फळीवर, खरा खानदानी माल असतो. ॲक्वासॉइल. काळ्या मातीचे भाजलेले गोळे, जपानी कंपन्यांच्या नऊ लिटरच्या पिशव्या, किंमत ऐकून आपण उगाच खोकतो. ताकाशी अमानो नावाच्या जपानी छायाचित्रकारानं टाकीच्या आत अख्खं जंगल उभं करण्याची जी कला जगभर नेली, तिचा पाया ही माती. अमानो २०१५ साली गेले, पण त्यांची नक्कल करणारे अंधेरीपासून डोंबिवलीपर्यंत सापडतील. पाणवनस्पती वाढवायच्या असतील तर यासारखं दुसरं काही नाही. पण नव्या ॲक्वासॉइलमधून पहिले काही आठवडे अमोनियाच सुटतो. मला ज्याच्यापासून पळायचं होतं, तेच पैसे देऊन विकत घ्यायचं? थँक यू, नेक्स्ट.

क्रॉफर्ड मार्केटहून मी रिकाम्या हातांनी निघाले. नाही, खोटं का बोला, अर्धा किलो चिकू घेतले.

रेती, रेती, रेती

"एवढं काय त्यात, कोपऱ्यावरच्या रेती-सिमेंटवाल्याकडून घे की," माझी फ्लॅटमेट म्हणाली. बरोबरच होतं. सगळीकडे बांधकामं चालू, मुंबईत रेतीला काय तोटा? पण मी चौकशी करायला लागले आणि रेतीचा विषय माझ्या टाकीपेक्षा बराच खोल निघाला.

ठाण्याच्या पुढे कळवा-मुंब्र्याकडे स्लो लोकलनं जाताना डोंगर आणि खाडी जिथे एकमेकांना भिडतात, तिथल्या काठाचं नाव रेतीबंदर. नावातच सगळं आलं. खाडीतून काढलेली रेती होड्यांनी इथे उतरायची आणि शहर बांधायला निघायची. ठाणे-वसई पट्ट्यात रेती काढायची जुनी रीत म्हणजे डुबी. माणूस बांबूच्या आधारानं पाण्यात बुडी मारतो, तळाची रेती बादलीत भरतो, वरचे लोक बादली ओढून घेतात. फुप्फुसात मावेल एवढ्याच वेळाचा धंदा. मग सक्शन पंप आले आणि तळच्या तळ उपसले जाऊ लागले. काठ खचले, पुलांच्या पायांना धोका झाला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. तरीही रात्री पळणाऱ्या रेतीच्या डंपरच्या आणि त्यांना अडवायला गेलेल्या तलाठी-तहसीलदारांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या आपण आजही वाचतो.

टाकीसाठी मला हवी होती ती जेमतेम सोळा किलो. हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा, हजारानं भागलं की लिटर, त्याला दीडनं गुणलं की अंदाजे किलो. नव्वद गुणिले तीस गुणिले चार. सोळा किलोनं कुठली नदी आटत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या माशांना नदीच्या तळाची आठवण म्हणून वाळू द्यायची, ती दुसऱ्या कुठल्या नदीचा तळ खरवडून आणायची, हे काही मनाला पटेना. शिवाय खाडीच्या रेतीत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे पुन्हा व्हिनेगर, पुन्हा बुडबुडे.

रेती-सिमेंटवाल्यानं दुसरा पर्याय दाखवला, क्रश सँड. खदानीतला काळा दगड यंत्रात दळून केलेली रेती. नदी वाचते, चुना नाही, भावही बरा. पण चिमूट घेऊन दोन बोटांमध्ये चोळली आणि बोटं चरचरली. दळलेला दगड तो, दाण्यादाण्याला धार. सिमेंटला ती धार आवडते. कोरींच्या उरल्यासुरल्या मिशांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

शेवटी उत्तर मिळालं ते भलत्याच ठिकाणी, स्विमिंग पूलच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्या ठाण्याच्या एका दुकानात. पूलचं पाणी गाळायला सिलिका वाळू वापरतात. एकसारख्या चाळलेल्या दाण्यांची, साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटरची. चुना नाही, रंग नाही, माती फारशी नाही. सगळ्याच फिल्टर वाळूचे दाणे गोल असतात असं नाही, त्यामुळे इथेही चिमूट चोळून बघायचीच. तीन पोत्यांमधल्या दुसऱ्या पोत्यातली बोटांना मऊ लागली. व्हिनेगर गप्प बसलं. फिकट बदामी रंग, जुहूच्या वाळूपेक्षा जरा उजळ. पंचवीस किलोचं पोतं, आणि किंमत दुकानातल्या रंगीत खड्यांच्या पासंगालाही नाही.

"कितीचा पूल आहे?" मालकांनी विचारलं.

"तीन बाय एक," मी म्हटलं.

"मीटर?"

"फूट."

त्यांनी पोतं रिक्षापर्यंत स्वतः उचलून दिलं. दया आली असावी.

छोटा हत्ती आणि पाच मासे

भाड्याच्या घरात टाकी आणायची तर दोन परवानग्या लागतात. एक घरमालकीण काकूंची. अकरा महिन्यांच्या करारात 'पाळीव प्राणी ठेवू नयेत' असं कलम होतं. मासा हा पाळीव प्राणी आहे का, यावर फोनवर वीस मिनिटं खल झाला. 'भुंकत नाही ना? मग ठेवा. पण गळलं तर खालच्यांशी तुम्ही बोलायचं' यावर तह झाला. दुसरी परवानगी इमारतीची, म्हणजे खरं तर तिच्या हाडांची. भरलेली टाकी म्हणजे शंभरेक लिटर पाणी, सोळा किलो वाळू, वर काच आणि लोखंड. सगळं मिळून दीडशे किलोच्या वर. असलं वजन खोलीच्या मधोमध नको, बीम असलेल्या भिंतीलगत हवं. आणि स्टँडच्या फळीवर थर्माकोलची शीट, म्हणजे फळी कुठे उंच-सखल असेल तर ताण काचेवर येत नाही.

वाळू धुणं हा कार्यक्रम मुंबईत पाणी येण्याच्या वेळेत उरकावा लागतो. बादलीत थोडी वाळू, वर पाणी, हातानं ढवळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा. आठ-दहा वेळा. साबण अजिबात नाही. आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही, वाळू पाइपात बसली की प्लंबरचं बिल टाकीपेक्षा मोठं होतं. आमच्या गॅलरीतल्या तुळशीला त्या दिवशी जन्मभराचं पाणी मिळालं.

सहाव्या शनिवारी पवईहून छोटा हत्ती केला. टाकी रिकामी, आडवी, चादरीत गुंडाळलेली. टाकीत पाणी किंवा खडे ठेवून कधीही उचलू नये, सांधे पिचकतात. कोरींना पिशवीत घालायचं नाही, कारण त्यांच्या परांना काटे असतात आणि पिशवी फुटू शकते. त्यासाठी झाकणाची बादली, त्यांच्याच टाकीतल्या पाण्यानं अर्धी भरलेली. दुसऱ्या डब्यात ओला स्पंज फिल्टर. तिसऱ्यात निळ्या खड्यांची दोन मुठी, जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून. स्पंजला जोडीदार म्हणून ते काही आठवडे टाकीत लटकणार होते. जुने खडे असे वापरण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. टाकीत कधी तांबं असलेलं औषध घातलं होतं का? ते खड्यांमध्ये मुरून राहू शकतं आणि पुढे कोळंबी किंवा गोगलगाय पाळायची असेल तर जिवावर बेततं. इथे घातलं नव्हतं.

बादली मांडीवर घेऊन मी ड्रायव्हरदादांच्या शेजारी बसले. ती खाली उभी होती. नवरा वर सामान बांधत होता. "फोटो पाठवशील?" ती म्हणाली. सहा आठवड्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"पाण्यात काय आहे, ताई? खेकडे?" ड्रायव्हरदादांनी गांधीनगरच्या सिग्नलला विचारलं.

"मासे. म्हातारे आहेत."

त्यानंतर भांडुपपर्यंत त्यांनी एकही खड्डा आपटला नाही. मुंबईच्या रस्त्यावर हे कसं जमवलं, तेच जाणोत.

वाळू पसरली, तिच्यावर स्टीलची ताटली ठेवली, ताटलीवर हळूहळू पाणी सोडलं म्हणजे वाळू उसळत नाही. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलं होतं आणि वर क्लोरिन मारणारं औषधही घातलं होतं. आमचं पाणी येतं ते पलीकडच्या भांडुप कॉम्प्लेक्समधल्या शुद्धीकरण केंद्रातून, आणि क्लोरिन माणसांसाठी असतं, माशांसाठी आणि जिवाणूंसाठी नाही. स्पंज लावला. मोजा लटकवला. पाणी किंचित धुरकट होतं, ते दुसऱ्या दिवशी निवळलं. बादलीत टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत तासभर काढला आणि मग पाचही जणांना जाळीनं आत सोडलं.

पहिले दोन दिवस ते मोज्याच्या खाली गठ्ठा करून बसले होते. निळ्या खड्यांच्या वासाला धरून असावेत. मी रोज अमोनियाची चाचणी करत होते, रोज रंग पिवळा, म्हणजे शून्य. फ्लॅटमेट म्हणायला लागली की तू ऑफिसचे मेलसुद्धा एवढ्या वेळेवर बघत नाहीस.

तिसऱ्या रात्री उशिरा एक लेख संपवून मी दिवा मालवायला उठले, तर म्हातारबुवा मोज्याखालून निघून पुढच्या काचेपाशी आले होते. त्यांनी नाक वाळूत खुपसलं, थेट डोळ्यांपर्यंत. दोन्ही कल्ल्यांतून वाळूची बारीक धार बाहेर पडली. थोडं पुढे सरकले, पुन्हा खुपसलं. मागून दुसरा आला, मग तिसरा. सकाळी तळभर छोटे छोटे खळगे होते. मी फोटो काढून पाठवला. टोरंटोत तेव्हा रात्र होती, तरी उत्तर लगेच आलं: 'मिशा कशा आहेत?'

महिनाभरानं मोजा काढला. मिशांची टोकं वाढायला लागली आहेत, म्हातारबुवांची सगळ्यात हळू. उरलेली नऊ किलो वाळू गॅलरीत आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी कुंड्यांसाठी मागतायत, पण कुर्ल्याच्या काकांनी तिच्यावर आधीच नंबर लावलाय. त्यांनाही चिमूट चोळून बघायचीय.